पूर्वपक्ष छापणारा शत्रू

१५८९ साली लंडनमध्ये एक जाडजूड ग्रंथ छापून झाला. त्याच्या पानापानावर दोन रकाने होते. एका रकान्यात इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चचा नवा करार होता. शेजारच्या रकान्यात फ्रान्समधल्या रँस गावी परागंदा होऊन राहिलेल्या इंग्रज कॅथलिक पंडितांनी १५८२ मध्ये छापलेला नवा करार होता. ग्रंथकर्ता विल्यम फुल्क हा केंब्रिजच्या पेम्ब्रोक हॉलचा प्रमुख आणि हाडाचा प्रॉटेस्टंट. ग्रंथाच्या नावातच त्याने रँसच्या पाठशाळेला देशद्रोही म्हटले होते. मात्र त्या देशद्रोह्यांचे भाषांतर त्याने अक्षरशः छापले, त्यांच्या टीपाही छापल्या आणि त्यांच्या जोडीला आपले खंडन दिले.

या उद्योगाचे फळ फुल्कच्या मनात नव्हते ते निघाले. रँसची मूळ प्रत इंग्लंडमध्ये चोरून आणावी लागे आणि ती घरात सापडणे धोक्याचे होते. आता तोच मजकूर कोणाही इंग्रज पंडिताच्या मेजावर उजळ माथ्याने पडून राहू लागला. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये रँसच्या भाषांतरातले कितीतरी शब्द उतरलेले दिसतात आणि ते तिथवर पोचण्याची सोपी वाट फुल्कच्या ग्रंथाने करून दिली होती, असे अभ्यासक मानतात. ज्या भाषांतराचा निकाल लावायला तो बसला होता, त्याचा इंग्लंडमधला वितरक तोच ठरला.

आपल्याकडच्या शास्त्रार्थाच्या परंपरेत याला नाव आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षी ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे कबूल करील इतक्या चोखपणे, आणि मग त्यावर उत्तरपक्ष. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमधल्या प्रॉटेस्टंटांनी कॅथलिक पंथाविरुद्ध जे अफाट लेखन केले, त्याकडे आज पाहताना हीच कसोटी हाती घ्यावी असे आम्हांला वाटते. त्या लेखनातली शिवराळ भाषा सहज डोळ्यांत भरते. पोप म्हणजे ‘प्रकटीकरणा’तला ख्रिस्तविरोधक, रोम म्हणजे बाबेलची कलावंतीण, मिस्सा म्हणजे जादूटोणा, ही विशेषणे त्या काळी दोन पैशांच्या चोपड्यांपासून विद्यापीठातल्या व्याख्यानांपर्यंत सर्वत्र होती. शिव्या त्या युगात सगळेच देत. निकोलस सँडर या कॅथलिक लेखकाच्या १५८५ च्या लॅटिन ग्रंथात अ‍ॅन बोलिन ही आठव्या हेन्रीचीच मुलगी होती आणि तिच्या हाताला सहावे बोट होते, असे छापलेले आहे. तेव्हा कोणाची जीभ अधिक तिखट होती, हे मोजत बसण्यात अर्थ नाही. प्रतिपक्ष्याचे वाक्य पानावर आहे की त्याचे नुसते चित्र आहे, एवढे पाहावे.

चित्र रंगवण्याची परंपराही जुनी आहे. १५२९ च्या सुमारास, म्हणजे हेन्रीने रोमशी काडीमोड घेण्याच्या आधीच, सायमन फिश या वकिलाने ‘भिकाऱ्यांचा अर्ज’ नावाची पुस्तिका काढली. आंधळे, लंगडे, महारोगी भिकारी राजाला विनवतात, की आमच्या तोंडचा घास धडधाकट भिकारी खाताहेत, म्हणजे मठवासी, फ्रायर आणि बिशप. मग फिश हिशेब मांडतो. इंग्लंडात पॅरिश ५२,०००. प्रत्येकात निदान दहा घरे, म्हणजे ५,२०,००० घरे. फ्रायरांचे पंथ पाच. प्रत्येक पंथ दर घराकडून तिमाहीला एक पेनी घेतो, म्हणजे घरामागे वर्षाला वीस पेन्स. एकूण ४३,३३३ पौंड, ६ शिलिंग, ८ पेन्स. गुणाकार बिनचूक आहे. चुकला आहे तो पहिला आकडा, कारण पॅरिशांची खरी संख्या दहा हजारांच्या आतच होती. फिशला ही थाप स्वतः मारावी लागली नाही, हेही सांगितले पाहिजे. १३७१ साली खुद्द पार्लमेंटने देशात सुमारे ४५,००० पॅरिश धरून कर बसवला होता आणि वसुलीला गेल्यावर जेमतेम नऊ हजारांच्या आसपास निघाल्या. लोकांच्या मनात जी अतिशयोक्ती आधीच मुरलेली असते, तिच्यावर शिलिंग-पेन्सांपर्यंतचा हिशेब रचला की तो खरा वाटतो.

थॉमस मोरने त्याच वर्षी उत्तर दिले, तेही अर्जाच्याच रूपात. या वेळी अर्जदार होते शुद्धिस्थानात तळमळणारे आत्मे. मोरने फिशच्या आकड्यांची चिरफाड केली, पण त्यासाठी त्याला फिशच्या कितीतरी पट पाने लागली. थाप चार ओळींत मावते आणि तिची दुरुस्ती ग्रंथ मागते, ही अडचण तेव्हाच्या छापखान्यालाही चुकली नव्हती. पुढे जॉन फॉक्स या प्रॉटेस्टंट लेखकाने फिशची ती पुस्तिका आपल्या ग्रंथात घेतली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली.

जॉन ज्यूएल या प्रॉटेस्टंट पंडिताचा घाट मात्र निराळा होता. १५५९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या पॉल्स क्रॉस या उघड्यावरच्या व्यासपीठावरून त्याने कॅथलिकांना जाहीर आव्हान दिले. ख्रिस्तानंतरच्या पहिल्या सहाशे वर्षांतला एखादा धर्माचार्य, एखादी धर्मपरिषद काढून दाखवा, ज्यात तुमच्या आजच्या मिस्सेच्या रीतींना आधार सापडेल. मी हार मानीन. आव्हान स्वीकारले थॉमस हार्डिंगने. दोघेही डेव्हन परगण्याचे, दोघेही ऑक्सफर्डचे. कॅथलिक मेरी राणीच्या काळात हार्डिंग सॉल्सबरी कॅथीड्रलचा खजिनदार होता. प्रॉटेस्टंट एलिझाबेथ गादीवर आल्यावर त्याचे पद गेले, तो आजच्या बेल्जियममधल्या लुव्हेंला निघून गेला आणि त्याच सॉल्सबरीच्या गादीवर ज्यूएल बिशप म्हणून बसला. पुढची काही वर्षे हे दोघे समुद्रापलीकडून एकमेकांवर ग्रंथ फेकत राहिले. ज्यूएलने १५६२ मध्ये इंग्लंडच्या चर्चची बाजू मांडणारा लॅटिन ‘अपोलोजिया’ लिहिला. १५६४ मध्ये अ‍ॅन बेकन या विदुषीने त्याचे इंग्रजी केले. तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनची ती आई. हार्डिंगच्या उत्तरांना प्रत्युत्तर देताना ज्यूएल आधी हार्डिंगचा परिच्छेद छापतो, मग आपला. हे ग्रंथ आज वाचायला रूक्ष आहेत. पण त्या रूक्षपणातच त्यांची इभ्रत आहे, कारण हार्डिंगचे म्हणणे काय होते हे ज्यूएलच्याच पानांवरून कळते.

जॉन फॉक्स या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो आणि म्हणूनच त्याचे माप घेणे अवघड आहे. मेरीच्या राजवटीत १५५५ ते १५५८ या चार वर्षांत सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळले गेले. फॉक्स तेव्हा बाझेलमध्ये छापखान्यात मुद्रिते तपासून पोट भरत होता. परतल्यावर १५६३ मध्ये त्याचा इंग्रजी ग्रंथ निघाला. लोक त्याला ‘रक्तसाक्षींचा ग्रंथ’ म्हणू लागले. १५७० च्या दुसऱ्या आवृत्तीत दोन खंड आणि सुमारे २,३०० पाने झाली, शंभरावर लाकडी ठशांची चित्रे आली आणि पुढच्याच वर्षी ती प्रत प्रत्येक कॅथीड्रलमध्ये ठेवावी असा ठराव धर्माधिकाऱ्यांनी केला. फॉक्सने बिशपांच्या दप्तरातल्या नोंदी, कैद्यांची पत्रे, उलटतपासण्या अपार मेहनतीने गोळा केल्या. त्याच वेळी, जाळल्या गेलेल्यांपैकी काहींची मते त्याच्या स्वतःच्या पंथालाही पाखंडी वाटावीत अशी होती, ती त्याने गुपचूप गाळली. चितेवर लॅटिमरने काढलेले म्हणून जे उद्गार इंग्रज शाळकरी पोरांनाही पाठ असत, ते पहिल्या आवृत्तीत नाहीतच. ते दुसरीत अवतरले. निकोलस हार्प्सफील्ड या कैदेतल्या कॅथलिक विद्वानाने फॉक्सच्या चुकांवर नेमके बोट ठेवले, आणि त्याला उत्तर देण्यासाठीच फॉक्सने दुसऱ्या आवृत्तीत कागदपत्रांची भर घातली. ग्रंथ सुधारला तो टीकाकारामुळे. आणखी एक गोष्ट फॉक्सच्या पारड्यात टाकलीच पाहिजे. १५७५ मध्ये एलिझाबेथच्या सरकारने काही अ‍ॅनाबॅप्टिस्टांना जाळायचे ठरवले, तेव्हा त्यांची मते त्याला मुळीच मान्य नसताना त्याने राणीकडे त्यांच्यासाठी रदबदली केली. ती फुकट गेली.

इथवर जो ‘वाद’ शब्द वापरला, त्यात एक खोट आहे आणि ती झाकून चालणार नाही. वाद समान भूमीवर होतो. ही भूमी समान नव्हती. १५७० मध्ये पोप पाचव्या पायसने एलिझाबेथला धर्मबहिष्कृत करून तिच्या प्रजेला राजनिष्ठेतून मोकळे केले आणि त्यानंतर कॅथलिक असणे व फितूर असणे यांतला फरक सरकारच्या लेखी पुसट होत गेला. १५८१ च्या कायद्याने सरकारी चर्चला न जाणाऱ्यावर महिन्याला २० पौंडांचा दंड बसला. १५८५ पासून परदेशात दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेवणे हाच राजद्रोह झाला. कॅथलिक पुस्तके लुव्हेंला, रूआंला किंवा कुणाच्या तरी माळ्यावर लपवलेल्या यंत्रावर छापावी लागत.

एडमंड कॅम्पियन या जेझुइटाने १५८१ च्या जूनमध्ये अशाच चोरट्या छपाईच्या पुस्तिकेतून दहा मुद्द्यांवर वादाचे आव्हान दिले. ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमधल्या बाकांवर तिच्या प्रती रातोरात ठेवल्या गेल्या. महिन्याभरात तो पकडला गेला. त्याला लंडनच्या टॉवर तुरुंगात यंत्रावर ताणून छळले आणि मग सरकारने त्याला हवा होता तो वाद त्याच्यासमोर मांडला, ऑगस्ट-सप्टेंबरात चार बैठकांमध्ये. तयारीला वेळ नाही, चाळायला ग्रंथ नाहीत, आणि प्रश्न विचारायची मुभा नाही. फक्त उत्तरे द्यायची. समोरच्या पंडितांत एक होता विल्यम फुल्क. आठ वर्षांनी रँसचा मजकूर प्रामाणिकपणे छापणारा, तोच. एकाच माणसाच्या या दोन बाजू आहेत आणि त्यांतली एक दाखवून दुसरी लपवणे म्हणजे आपणही चित्रच रंगवणे होय. कॅम्पियनला १ डिसेंबर १५८१ रोजी टायबर्नला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे केले. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत अँथनी मंडे हा तरुण लेखक होता. रोममधल्या इंग्रज पाठशाळेत पाहुणा म्हणून राहून आल्यावर त्याने तिथल्या दिनचर्येवर १५८२ मध्ये चुरचुरीत पुस्तक काढले, आणि पुढे तो नाटककार म्हणून नावारूपाला आला.

या हकीकतीचा एक धागा थेट मराठीत येतो. १५७५ साली रोममध्ये येशूसंघात, म्हणजे जेझुइटांच्या संघात, दाखल झालेल्या इंग्रजांत रॉबर्ट पार्सन्स होता, जो पुढे कॅम्पियनबरोबर इंग्लंडला गेला. त्याच वर्षी तिथेच दाखल झालेला दुसरा इंग्रज थॉमस स्टीफन्स. तो १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला, त्याने साष्टीत आयुष्य घालवले आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. फादर स्टीफन्सच्या मराठीप्रेमाचे कौतुक आपण करतो आणि ते करावे. पण ज्या मायदेशात त्याच्या संघाचे लोक जीव मुठीत धरून मिस्सा करत होते, त्याच्या नेमके उलटे चित्र त्याच्या कर्मभूमीत होते. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते आणि साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. टॉवरमध्ये कॅम्पियनला प्रश्न विचारता येत नव्हते. साष्टीतल्या भटजींनाही ते येत नव्हते.

इंग्लंडात मात्र खंडनाच्या धंद्यात काही गमतीही घडल्या. पार्सन्सने १५८२ मध्ये सदाचरणावर एक भक्तिपर पुस्तक लिहिले. यॉर्कशायरमधला प्रॉटेस्टंट पाद्री एडमंड बनी याला ते इतके आवडले, की त्याने त्यातली कॅथलिक वाक्ये काढून १५८४ मध्ये ते आपल्या लोकांसाठी छापले. बनीची आवृत्ती मूळ पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त खपली आणि पार्सन्सच्या अंगाचा तिळपापड झाला. सॅम्युअल हार्स्नेटने १६०३ मध्ये कॅथलिक धर्मगुरूंच्या भुते उतरवण्याच्या प्रयोगांची टर उडवणारे पुस्तक काढले. त्यातली भुतांची नावे शेक्सपियरने उचलली आणि ‘किंग लिअर’मधल्या वेड्याचे सोंग घेतलेल्या एडगरच्या तोंडी घातली. हार्स्नेटची गंमत अशी, की चारच वर्षांपूर्वी त्याने जॉन डॅरेल या प्युरिटन मांत्रिकाचीही तशीच हजेरी घेतली होती. राजा जेम्सने तर १६०९ मध्ये चेल्सीला खंडनलेखनासाठी खास कॉलेजच्या इमारतीचा पहिला दगड बसवला. रोमविरुद्ध ग्रंथ लिहिण्यासाठी पगारी विद्वान नेमायचे, अशी ती योजना होती. इमारत धड पुरी झाली नाही. पुढे त्या जागी म्हाताऱ्या सैनिकांसाठी आश्रयगृह उभे राहिले. लोककल्याणाच्या दृष्टीने हा बदल वाईट म्हणता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘पोपशाही’ हा शब्द इतका फुगत गेला, की त्यात कोणालाही कोंबता येऊ लागले. रिचर्ड माँटेग्यू या इंग्लंडच्याच चर्चमधल्या विद्वानाने १६२४ मध्ये एका पुस्तकात म्हटले, की पोप हाच ख्रिस्तविरोधक आहे असे सिद्ध झालेले नाही. त्या पुस्तकावर पार्लमेंटात तक्रार गेली. विल्यम लॉडचे प्रकरण याहून बोलके आहे. १६२२ मध्ये त्याने फिशर या टोपणनावाने वावरणाऱ्या जेझुइटाशी समोरासमोर वाद केला आणि १६३९ मध्ये, कँटरबरीचा आर्चबिशप असताना, फिशरचे म्हणणे तुकड्यातुकड्याने देत त्याचे खंडन प्रसिद्ध केले. सरकारी चर्चच्या बाजूने रोमविरुद्ध लिहिलेल्या चांगल्या ग्रंथांत त्याची गणना होते. पण लॉडने चर्चमधले मेज पूर्वेकडे नेऊन कठड्याआड ठेवायला लावले, विधींना शिस्त आणि थाट आणला, विरोधकांना निष्ठुरपणे शिक्षा केल्या. विल्यम प्रिन या प्युरिटन वकिलाचे कान त्याच्या कारकिर्दीत कापले गेले. मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी आली आणि लॉडवर खटला उभा राहिला, आरोपांत पोपशाही आणू पाहण्याचाही समावेश. पुरावे जमवायला होता कान कापलेला प्रिन. १० जानेवारी १६४५ रोजी लॉडचे डोके उडवण्यात आले. लॉड जुलमी होता हे खरे. तो पोपचा हस्तक होता हे खोटे, आणि ते खोटे असल्याचा पुरावा त्याच्याच ग्रंथात छापील पडलेला होता. त्या दिवसांत तो वाचायची गरज कोणाला उरली नव्हती, कारण ‘पेपिस्ट’, म्हणजे पोपचा माणूस, कसा दिसतो हे शंभर वर्षांच्या चित्रांनी सगळ्यांना शिकवून ठेवले होते.

या चित्राला शेवटी प्रतिपक्ष्याची गरजच राहिली नाही. १६७८ मध्ये टायटस ओट्स या बदलौकिकाच्या माणसाने राजाला ठार मारण्याचा जेझुइटांचा कट रचून सांगितला, आणि त्यातला बराचसा भाग लोकांच्या कल्पनेत आधीच तयार असल्यामुळे तो खपला. दरवर्षी १७ नोव्हेंबरला लंडनच्या रस्त्यांवर पोपचा पुतळा मिरवून जाळला जाऊ लागला. निरपराध माणसे फासावर गेली; आयर्लंडमधला आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट १ जुलै १६८१ रोजी गेला. १६८५ मध्ये ओट्स खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला, भर रस्त्यात फटके खाऊन तुरुंगात पडला, आणि चारच वर्षांनी सुटून त्याला निवृत्तिवेतनही मिळाले. फिशने निदान हिशेब मांडला होता, म्हणून मोरला तो खोडता तरी आला. ओट्सचा कट खोडला जाईपर्यंत माणसे फासावर गेली होती.

फुल्कची रीत नंतर आपल्या दारापर्यंतही आली. १८३१ मध्ये मुंबईत मोरभट दांडेकरांनी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी वाद केला आणि ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहिले. विल्सननी पुढच्या वर्षी त्याचे खंडन इंग्रजीत छापले. ते पुस्तक कडवे आहे आणि हिंदू वाचकाला आजही झोंबेल. पण विल्सननी त्याच्या आरंभी दांडेकरांच्या सबंध पुस्तकाचे भाषांतर जोडले. प्रतिपक्ष्याचे म्हणणे आधी, आपले नंतर. मोरभटांचा युक्तिवाद इंग्रजी वाचकांपर्यंत पोचवणारा त्यांचा विरोधकच होता.

लंडनच्या १६६६ च्या महाआगीचे स्मारक म्हणून तिथे एक उंच खांब उभा आहे. ओट्सच्या धामधुमीत, १६८१ मध्ये, ही आग पेपिस्टांनीच लावली अशा अर्थाची ओळ त्यावर कोरली गेली. दुसऱ्या जेम्सने, जो स्वतः कॅथलिक होता, ती पुसवली. १६८९ मध्ये ती पुन्हा कोरली. आग एका बेकरीतून लागली होती. कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क देणारा कायदा १८२९ मध्ये झाला आणि त्यानंतर वर्षभराने ती ओळ दगडावरून कायमची काढून टाकण्यात आली.